पाण्याचा रकाना

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुण्यांची पांगापांग होऊन घरात फक्त घरचीच माणसे उरली असता आणि माझी धाकटी बहीण आदल्या दिवशीच्या आहेरांची याद करीत बसली असता, माझ्या भाचीने चहाचा पेला खाली ठेवून सांगितले की, लग्नानंतर तिला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला विमानाने कोठेही जावयाचे नाही. आजोबांची गाडी रस्त्यावर आणता येत असेल तर त्याच गाडीने, जुन्या आग्रा रोडने, ठाण्याहून निघून आग्र्यापर्यंत जावे असा दोघांचा इरादा आहे, आणि त्याची सगळी तजवीज मामाने करून द्यावी. मुहूर्त मार्गशीर्षातला होता. म्हणजे हाती सहा-सात महिने होते. गाडी माझ्या वडिलांची, आणि गेली कित्येक वर्षे ती माझ्याच अंगणातल्या पत्र्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती. मी लगेच होकार दिला. त्या होकारात केवढे काम दडलेले आहे याची जाणीव मला पुढच्या आठवड्यात, ताडपत्री काढली तेव्हा झाली. पण त्या कामाने मला जे दिले ते या वयात कोणत्याही प्रवासाने दिले नसते, म्हणून त्याची हकीकत सविस्तर लिहावी असे वाटले.

मधुचंद्र हा शब्द आपण इंग्रजीच्या धर्तीवर घडविला; परंतु नवपरिणीत जोडप्याने घराचा उंबरा ओलांडून एकत्र वाट चालावी ही चाल आपल्याकडे त्या शब्दाहून जुनी आहे. बोडण-गोंधळ आटोपले की कुलदैवताला जावयाचे. जेजुरीला गेले तर नवऱ्याने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढावयाच्या. पुढे माथेरान, महाबळेश्वर, खंडाळा ही ठिकाणे या प्रवासाला येऊन मिळाली. या सर्वांत समान असे की, दोन अपरिचित माणसे घरच्या वडीलधाऱ्यांच्या नजरेआड प्रथमच एकत्र वाटेवर येत आणि वाटेवर जे निभवावे लागे ते दोघांना मिळून निभवावे लागे. विमान तीन तासांत पोचविते. त्या तीन तासांत निभावण्याजोगे काही घडत नाही. भाचीच्या मनात हेच होते किंवा काय, हे मी तिला विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, "मामा, आम्हाला पोचायची घाई नाहीये."

गाडी 1957 सालची फियाट 1100. पुढे निमुळते होत गेलेले नाकाड, वर गोलसर फुगीर पाठ, यांमुळे महाराष्ट्रात तिला 'डुक्कर फियाट' हे नाव पडले आणि ते इतके रुळले की आजही मराठी न जाणणारे हौशी लोक देशभर हेच नाव घेतात. पुढचे दोन दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. पुढचा आणि मागचा दरवाजा मधल्या खांबाशी जोडलेले असून एकमेकांकडे उघडतात, आणि लुगडे नेसलेल्या बाईला त्यातून उतरणे फार सोयीचे जाते असे माझी आई म्हणत असे. इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. गिअरचा दांडा जमिनीवर नाही, सुकाणूच्या नळीवर. गिअर चार, त्यांतला पहिला चालत्या गाडीत सुखासुखी पडत नाही. घाटात गाडी दुसऱ्यावर दमली की एक तर पूर्ण थांबावयाचे, नाही तर क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाला नेमका तेवढाच झटका देऊन तो गिअर बसवावयाचा. हे कसब हाताला आणि कानाला एकाच वेळी यावे लागते.

या गाडीचा आणि आग्रा रोडचा संबंध मला स्वतःला ठाऊक नव्हता असे नाही, पण तो मी कधी जुळवून पाहिला नव्हता. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि 1947 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून, अमेरिकेच्या क्राइस्लर कंपनीच्या सहकार्याने, पहिली गाडी बाहेर पडली. फियाटशी करार त्यानंतरचा. 1100 या गाडीची जुळणी कुर्ल्यात सुरू झाली ती 1954 साली, आणि वालचंद 1953 च्या एप्रिलातच निवर्तले होते. तेव्हा ज्या गाडीने पुढे अर्धशतक मुंबईची ओळख घडविली ती त्यांच्या दृष्टीस पडली नाही. 1964 ची डिलाइट आणि 1974 मध्ये राणी पद्मिनीच्या नावाने आलेली प्रीमियर पद्मिनी ही याच घराण्याची पुढची पिढी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती मुंबईच्या रस्त्यांवर होती ती ऑक्टोबर 2023 पर्यंत. आता कुर्ल्याचा तो कारखाना होता कोठे? लाल बहादुर शास्त्री मार्गावर; आणि शीवहून ठाण्याकडे जाणाऱ्या त्या मार्गाचे पूर्वीचे नाव आग्रा रोड. म्हणजे आमची गाडी जन्मली तीच आग्रा रोडच्या काठी. कारखान्याच्या जागी आज निवासी वसाहत उभी आहे; पण भाचीला मी हे सांगितले तेव्हा तिने नकाशावरचा आरंभबिंदू ठाण्याहून उचलून कुर्ल्यावर ठेवला आणि तो पुन्हा हलू दिला नाही.

गाडीचे काम ज्यांनी केले ते मिस्त्री त्याच कारखान्यात उमेदवारीपासून राबलेले, मूळ रत्नागिरीकडचे, आता ऐंशीच्या घरातले. ते स्वतः उभे राहून काम करीत नाहीत. नातवाला सांगतात आणि स्वतः स्टुलावर बसून ऐकतात. ऐकतात हे मी शब्दशः लिहितो आहे. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून नातवाने पॉइंट घासून स्वच्छ केले, फीलर गेजच्या पातळ पात्याने दोन पॉइंटांमधले अंतर लावले, बोल्ट आवळला, आणि गाडी सुरू केली. माझ्या कानाला ती उत्तम चालली होती. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले, दहा-बारा ठोके ऐकले आणि म्हणाले, "बोल्ट आवळताना सरकलाय. परत लाव." पुन्हा पाते घातले तर खरोखरच अंतर वाढलेले. केसाइतकी ती चूक चार सिलिंडरांच्या चालीतून ओळखणाऱ्या त्या म्हाताऱ्या कानांपुढे मी मनोमन हात जोडले. इंजिनाचे रबरी भाग मात्र त्यांनी एकही जुना ठेवला नाही. आज पंपावर मिळणारे पेट्रोल वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपातला पडदा नव्या जातीच्या रबराचे बसविले. काही सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाले, दिव्याची एक काच चोरबाजारात. त्याचा तपशील मोठा आहे आणि ज्यांना या गाड्यांचे वेड नाही त्यांना तो कंटाळवाणा होईल.

गाडी साफ करताना पुढच्या खणात एक चोपडी सापडली. लाल कापडी बांधणीची, लांबोडी, वाण्याच्या खतावणीसारखी. वडील गाडीचा हिशेब ठेवीत असत हे मला आठवत होते, आणि ही त्यांचीच चोपडी म्हणून मी ती उघडली. पानांवर शाईने रकाने आखलेले: तारीख, ठिकाण, मैल, पेट्रोल, पाणी, खर्च, शेरा. पहिल्या दोन-चार पानांवरचे अक्षर वडिलांचे, घाईचे, उजवीकडे कललेले. पण मे 1962 पासून अक्षर बदलते. गोल, सुटे, प्रत्येक शब्दावर स्वतंत्र शिरोरेघ. शाळेच्या कित्त्यासारखे ते अक्षर माझ्या आईचे होते.

आईचे माहेर इंदूरचे. होळकरशाहीत दप्तरी नोकरीसाठी दक्षिणेतून वर गेलेल्या आणि तिकडचीच झालेल्या असंख्य मराठी घरांपैकी तिचे एक घर. 1962 च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या मामाच्या लग्नाला आम्ही याच गाडीने ठाण्याहून इंदूरला गेलो. मी चार वर्षांचा होतो आणि मागच्या आसनावर निजलो असता तापलेल्या रेक्झिनचा जो वास नाकात भरला होता त्यापलीकडे त्या प्रवासातले मला काही आठवत नाही. वडील गाडी चालवीत होते आणि आई शेजारी बसून चोपडी लिहीत होती. कसारा: गाडी उभी, पाणी. इगतपुरी: पाणी, वीस मिनिटे. चांदवड: पाणी, देवीला नारळ. लळिंगच्या अलीकडे: पाणी. सोनगीर: पाणी, पितळी तांब्या एक. बिजासन घाट: पाणी, उतरताना गाडी दुसऱ्यावर. असे करीत मानपूरपर्यंत. खर्चाचा रकाना कोठे कोठे रिकामा आहे, शेऱ्याचाही आहे. पाण्याचा रकाना मात्र एकही सुटलेला नाही.

घाटात गाडी का तापते याचे कारण साधे आहे. चढावर इंजिनावरचा भार वाढतो आणि वेग घटतो. रेडिएटरमागचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असल्याने तो आपल्या मनाने जोर धरू शकत नाही, आणि ज्या वेळी हवा सर्वांत जास्त हवी त्याच वेळी समोरून येणारा वारा सर्वांत कमी असतो. मग काट्याने तांबडी खूण गाठण्यापूर्वी गाडी सावलीत घ्यावी, बॉनेट उघडावे, इंजिन निवेपर्यंत थांबावे आणि रेडिएटरच्या झाकणावर जाड फडके टाकून, चेहरा बाजूला ठेवून, ते हळूहळू फिरवून वाफ सोडून द्यावी. ही वीस मिनिटे टाळता येत नाहीत. चोपडी वाचीत गेलो तसे माझ्या ध्यानात येऊ लागले की, ज्या ज्या ठिकाणी आईने पाणी लिहिले आहे ती जवळजवळ सर्व ठिकाणे त्या वाटेवरची फार जुनी थांबण्याची ठिकाणे आहेत. बैलही तेथेच थकत आणि उंटही तेथेच थकत. म्हणून तेथे विहीर, देऊळ, धर्मशाळा, पेठ आणि गढी. थकव्याने वसविलेली ती गावे आहेत. इगतपुरीजवळच्या बोगद्यातून, 5 जून 2025 रोजी पूर्ण खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाने, आज सुमारे आठ किलोमीटरचे अंतर सह्याद्रीच्या पोटातून काही मिनिटांत कापता येते. ते स्थापत्य थोर आहे यात शंका नाही आणि ज्याला रुग्णालयात किंवा कामावर पोचावयाचे आहे त्याला ते वरदानच आहे. परंतु जो रस्ता थकत नाही त्याला गावे लागत नाहीत. भाचीच्या प्रवासाची योजना मग आम्ही नकाशावरून करण्याचे सोडले. चोपडीतला पाण्याचा रकाना समोर ठेवला आणि त्यावरून मुक्काम नेमले.

तत्पूर्वी कागदपत्रांचा निकाल लावणे भाग होते. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. त्याची नवी नोंदणी 20,000 रुपयांत, दहा वर्षांसाठी होते आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पहिल्या वाचनात मला हे फार आकर्षक वाटले. परंतु त्याच नियमांत अशी मेख आहे की, या वर्गातले वाहन नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याचपुरती त्याला मुभा. नवरा-नवरीने आग्र्याला जाणे यांपैकी कशातच बसत नाही. तेव्हा आम्ही त्या वर्गाच्या वाटेस गेलो नाही. खाजगी गाडीची पंधरा वर्षे भरल्यावर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करून घेण्याची जी सर्वसाधारण तरतूद आहे तिच्याखाली, पर्यावरण कर भरून, वडिलांच्या वेळचाच क्रमांक कायम राखला. 1989 पूर्वीच्या, 'एमएच' ही अक्षरे नसलेल्या त्या क्रमांकाची पाटी मिस्त्रींच्या नातवाने हाताने रंगविली. दिल्ली मात्र योजनेतून वगळावी लागली. पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविषयी राजधानी क्षेत्रात जे निर्बंध आणि त्यांवरचे जे वाद चालू आहेत त्यांत नवविवाहितांनी का सापडावे? आग्रा त्या क्षेत्राबाहेर आहे. ताजमहालाच्या 500 मीटरांच्या आत कोणतीच मोटार नेता येत नाही, त्यामुळे तेवढे अखेरचे अंतर पायी जाण्याचे ठरले.

रस्त्याचे म्हणाल तर, मुंबई ते आग्रा हा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 3, लांबी सुमारे 1160 किलोमीटर, आता त्या क्रमांकाने अस्तित्वात नाही. 2010 च्या फेरक्रमांकनात त्याचे तुकडे निरनिराळ्या मार्गांत वाटले गेले. धुळे ते इंदूर हा भाग 52 मध्ये गेला, ग्वाल्हेर ते आग्रा 44 मध्ये. मूळ नाव लोकांच्या तोंडी तेवढे राहिले. नाशकात आणि मालेगावात आजही कोणी नवा क्रमांक घेत नाही, आग्रा रोडच म्हणतात.

पहिला मुक्काम नाशिक. त्याविषयी मतभेद नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या वाटेवर चांदवड येते, आणि तेथे दोन तास तरी थांबावे असा मी आग्रह धरला. डोंगराच्या कुशीत रेणुकेचे देऊळ, गावात होळकरांचा रंगमहाल, आणि जिचा चांदवडी रुपया एके काळी या मुलखात खणखणत होता ती टांकसाळही याच गावची. महाराष्ट्रातून माळव्यात जाणाऱ्या होळकरांना ही वाट घरच्या अंगणासारखी होती, आणि त्या वाटेवर जागोजाग घाट, विहिरी, देवळे बांधणाऱ्या अहिल्याबाईंची तिच्यावरची नजर गृहिणीची होती. कोठे माणूस तहानेल हे त्या आधी पाहत. पुढे मालेगाव, नारोशंकरांच्या भुईकोट किल्ल्याचे. झाशीची सुभेदारी केलेल्या या सरदाराचा किल्ला 1818 मध्ये इंग्रजांशी झुंजला. झोडग्याला रस्त्याला लागूनच माणकेश्वराचे कोरीव दगडी देऊळ आहे. ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्याला ते दिसतच नाही, आणि आमच्या गाडीचा सुखाचा वेग पंचावन्न-साठचा.

धुळ्याविषयी मात्र चर्चा झाली. होणाऱ्या जावयांच्या यादीत धुळे म्हणजे केवळ रात्रीपुरती निजण्याची जागा होती. मी त्यांना विचारले, इतिहासाचार्य राजवाडे कोठे वारले हे ठाऊक आहे काय? ज्या माणसाने आयुष्यभर गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या रद्दीतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली आणि त्यांचे बावीस खंड काढले, त्याने 31 डिसेंबर 1926 रोजी देह ठेवला तो धुळ्यात. आणि त्यांच्या पश्चात लगोलग स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आजही त्या गावात ते कागद सांभाळीत आहे. हा मुलगा संगणकाच्या व्यवसायात आहे आणि दिवसभर माहितीच्या साठ्यांचीच व्यवस्था लावतो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने यादीतल्या धुळ्यापुढे एकाचे दोन मुक्काम केले आणि मला म्हणाला, "मामा, ते रुमाल बघायला मिळतील का? आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागेल ना?" दप्तरे बांधण्याच्या कापडाला रुमाल म्हणतात हे त्याला ठाऊक होते, याचा मला अतिशय आनंद झाला.

याच वाटेच्या वरच्या अंगाला, महूच्या परिसरात, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली येऊन पोचले होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, घरचे ऋण फिटेल, एवढ्याच आशेने काकांबरोबर निघालेला हा भिक्षुक बंडाच्या ऐन वणव्यात सापडला, झाशीचा पाडाव त्याने डोळ्यांनी पाहिला, आणि पुढे लिहिलेला त्याचा 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केला. मजल-दरमजल चाललेल्या माणसालाच तसे लिहिता येते. ते पुस्तक मी भाचीच्या सामानात घातले आहे.

धुळ्यापुढे सोनगीर, तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. मग तापी, शिरपूर, पळासनेर आणि सातपुड्यातला बिजासन घाट. या घाटाविषयी मिस्त्रींनी जावयांना समोर बसवून बजावले: ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत, सतत दाबून ठेवले तर तापतील आणि धरणार नाहीत, तेव्हा ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा. आईच्या चोपडीतला 'उतरताना गाडी दुसऱ्यावर' हा शेरा मी त्यांना वाचून दाखविला तेव्हा ते म्हणाले, "बाईंना गाडी समजत होती."

सेंधव्याचा किल्ला ओलांडून खलघाटाला नर्मदा लागते, आणि तेथून पुढे धामणोदला वाट वाकडी करून महेश्वर. येथे तीन दिवस. याहून अधिक मी त्याविषयी लिहीत नाही. नवविवाहित जोडप्याने महेश्वरच्या घाटावर संध्याकाळी काय पाहावे हे मामाने सांगावयाचे नसते. त्यापुढचा महू, बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान. इंदूरला माझ्या मामाच्या घरी मुक्काम. मामा-मामी नाहीत, पण त्यांची मुले आहेत आणि त्यांनी आतापासूनच तगादा लावला आहे. देवासला पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली, आणि त्याच गावात आजारातून उठण्यासाठी आलेले कुमार गंधर्व आयुष्यभर राहिले. त्यांच्या भानुकुल या घरासमोर गाडी दोन मिनिटे उभी करावी असे भाचीने स्वतः लिहिले आहे. ती गाते. तेथून शाजापूर, सारंगपूर, ब्यावरा, गुना हा टापू आम्ही झटपट संपविला. शिवपुरीला शिंद्यांच्या छत्र्या, आणि 1859 च्या एप्रिलात तात्या टोपे यांना फाशी दिले ती भूमी. ग्वाल्हेरला झाशीच्या राणीची समाधी. अखेरचे सुमारे 120 किलोमीटर चंबळ ओलांडून, धोलपूरवरून, आग्रा. जेथून 1666 साली शिवाजी महाराज औरंगजेबाच्या पहाऱ्यातून निसटले. डिसेंबरात त्या पट्ट्यात दाट धुके पडते आणि आमच्या गाडीचे दिवे समईच्या तोडीचे. म्हणून ग्वाल्हेरहून ऊन वर आल्याखेरीज निघावयाचे नाही आणि कोठेही दिवस मावळल्यावर गाडी चालवावयाची नाही, हे दोन नियम मी लाल शाईने लिहिले. परतीचा प्रवास दोघे आगगाडीने करतील आणि गाडी मालमोटारीवर चढून येईल. रजा तेवढीच आहे.

माझ्या बहिणीची चिंता वेगळी होती. लेकीने सासरच्या उंबऱ्यावरून निघून थेट परमुलखात इतके दिवस हिंडावे, तेही आपल्याहून वयाने मोठ्या गाडीतून, हे तिच्या पचनी पडत नव्हते. तिचे समाधान दोन गोष्टींनी झाले: पुढच्या दोन्ही आसनांना पट्टे बसविले आणि चांदवडच्या रेणुकेची ओटी भरण्याचे वचन भाचीने दिले.

पहिली चाचणी आम्ही ज्येष्ठात, पावसापूर्वी, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाटात घेतली. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने 10 नोव्हेंबर 1830 रोजी गाड्यांसाठी खुली केलेली ती चढण. तिच्याच शेजारच्या लोहमार्गाचे बोगदे खोदण्याचे काम वालचंदांच्या उमेदीच्या काळातले. शिंगरोबाच्या देवळापाशी जावयांनी पहिला गिअर घालण्याचा प्रयत्न केला आणि गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. तेव्हा भाची त्यांच्या जागी बसली, लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून जे शिकली होती ते आठवून तिने क्लच दोनदा दाबला, आणि गिअर असा बसला की आवाजही झाला नाही. त्यानंतर दोन तास तिने त्यांना शिकविले. मी देवळाच्या कट्ट्यावर बसून होतो.

दुसरी चाचणी कसाऱ्याची. भाद्रपदात चार दिवस उघडीप मिळाली, ऊन चरचरीत पडले, आणि आम्ही तिघे पहाटे निघालो. खर्डीच्या पुढे चढण लागली. जुन्या घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर काटा वर सरकू लागला, तसे भाचीने गाडी कडेला घेतली, दगडाची उटी लावली आणि बॉनेट उघडले. इंजिनातून तापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास आला, आणि त्यामागून रेक्झिनचा, जो मी त्रेसष्ट वर्षांत घेतला नव्हता. याच घाटात, घुमटासारखे छत असलेली एक जुनी विहीर आहे. लोक तिला टोपाची बावडी म्हणतात आणि अहिल्याबाईंनी बांधली असे सांगतात. वाटसरूंच्या पाण्यात पालापाचोळा पडू नये म्हणून वर दगडी टोप. थांबलो होतो त्या वीस मिनिटांत मी त्या दोघांना तिच्याविषयी सांगितले.

मग भाचीने मागच्या आसनाखालून एक पितळी तांब्या काढला. आमच्या देवघरातला, बुडाशी किंचित चेपलेला. सोनगीरचा हाच तो, हे चोपडी वाचल्यानंतर घरात सर्वांना समजले होते. जावयांनी झाकणावर फडके टाकून ते हळूहळू फिरविले, वाफ सूं करून निघून गेली. इंजिन चालू करून भाचीने बारीक धारेने पाणी ओतावयास सुरुवात केली. आतून गुडगुड आवाज येत होता. पाणी काठाला आले तशी ती थांबली, हात ओढणीला पुसले आणि नव्याने आखलेली चोपडी मांडीवर घेतली. तिने तारीख घातली, ठिकाण घातले, मैलांऐवजी किलोमीटर घातले. पेट्रोलचा रकाना तिने सोडून दिला.

"मामा," तिने विचारले, "आजी तांबे मोजायची की नुसतंच पाणी लिहायची?"

"नुसतं पाणी," मी म्हणालो.

तिने तसेच लिहिले.